टॅम्पिनीसमधली अविधवा नवमी

१२ ऑगस्ट, मंगळवार

सिंगापूरला येऊन दोन दिवस झाले. विमानतळ कसा वाटला, हे आतापर्यंत चौघांनी विचारलं. विमानतळात धबधबा आहे. कृष्णाकाठच्या माणसाला छपराखालचा धबधबा दाखवून काय मिळवायचं असतं, कोण जाणे. मी 'ओलसर वाटला' असं उत्तर देतो.

ही वही शिवांगीनं दिली. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथे जे जे खटकेल ते लिहून काढा, म्हणजे बोलायला नको." आगाऊपणा आहे, पण सूचना सोयीची आहे. वही दोनशे पानी आहे. पुरेलसं वाटत नाही.

माझा मुलगा मंदार तुआसच्या यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर सुपरिंटेंडंट आहे. तुआस बेटाच्या एका टोकाला, हे टॅम्पिनीस दुसऱ्या टोकाला. रोज जायला दीड तास, यायला दीड तास. सांगलीहून निघाला तर एवढ्या वेळात कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन घेऊन जेवायला परत येईल. शिवांगी कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि आठवड्यातले तीन दिवस घरातच लॅपटॉपशी भांडत बसते. नात गार्गी नऊ वर्षांची. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'ला' लावते.

तीन महिने राहून बघा, असं मंदारचं म्हणणं. तीन महिने राहीन. बघायचं काय, ते ठरलेलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लिफ्टमध्ये सूचना वाचत खाली गेलो. सायकल चालवू नका. थुंकू नका. वरून काही टाकू नका. पक्ष्यांना खायला घालू नका. सात मजले उतरेपर्यंत माणसाला श्वास घ्यायची तरी परवानगी आहे की नाही अशी शंका येते.

इमारतीखाली तळमजल्यावर घरं नाहीत, नुसते खांब आणि दगडी बाकं. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथेच लग्न होतं, तिथेच मयत ठेवतात. परवा एका बाजूला बुद्धिबळ चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या मांडवात कुणीतरी गेलेलं होतं. खेळणाऱ्यांनी मान वर केली नाही.

माझ्या खोलीचे पडदे हिरवे आहेत, त्यावर पिवळे आंबे. कुणाची ही दिव्य निवड, असं विचारलं. गार्गी म्हणाली, "आजी चूज. ऑन व्हिडिओ कॉल, ला." मी पडदा सारखा केला. सरोजिनीला रंगांची समज कधीच नव्हती.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सगळे हॉकर सेंटरला गेलो, म्हणजे छप्पर घातलेल्या खाऊगल्लीत. गर्दी मरणाची. एक टेबल रिकामं दिसलं, त्यावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी ते उचलून शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि बसलो. दोन मिनिटांत हातात ताट घेऊन एक मुलगी आली. "अंकल, आय चोप ऑलरेडी." मला वाटलं, काही चिरायचं आहे. शिवांगी धावत आली, त्या मुलीची चार वेळा माफी मागितली आणि मला उठवलं. पाकीट ठेवलं की जागा राखली गेली, असा इथला रिवाज म्हणे.

मी म्हणालो, आमच्याकडे एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतात, पण त्यामागे दंडात जोर लागतो. पाकीट ठेवून वीस मिनिटं निघून जायचं आणि ते कुणी उचलायचं नाही, हा कसला पुरुषार्थ? मंदार म्हणाला, "बाबा, तुम्ही उचललंत ना." तेवढ्यावर सगळे हसले. नंतर स्वतःचं खरकटं ताट स्वतः मांडणीवर नेऊन ठेवावं लागलं. एवढं परदेशात येऊन हे.

२० ऑगस्ट, बुधवार

चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. काटा दिसला की अजून हात शिवशिवतो. इथल्या बाजारात ओल्या फरशीवर भाजीवाले बसतात, तिथे सकाळी गेलो आणि नऊ दुकानांचे काटे निरखले. खिशात शंभर ग्रॅमचं माझं जुनं वजन असतं. चार ठिकाणी ते हळूच ठेवून पाहिलं. चारही ठिकाणी शंभर. एका मासेवाल्यानं तर मला बघून काटा पुन्हा शून्यावर आणला आणि म्हणाला, "अंकल, ट्राय अगेन."

एकही काटा खोटा नाही. नीरस देश.

२४ ऑगस्ट, रविवार

काल-आजपासून इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना लागला. वर्षातला एक महिना म्हणे पितर मोकळे सुटतात आणि घरोघर भुकेले हिंडतात. म्हणून इमारतीखाली गवतावर, रस्त्याच्या कडेला, जागोजाग ताटं. भात, संत्री, लाल पावाचे गोळे, चहाचे इवले पेले, उदबत्त्या. आणि लोखंडी पिंपांत कागदी नोटा जाळणं. खोट्या नोटा! पितरांना फसवायचं तेही सरकारनं दिलेल्या पिंपात.

आमच्या शेजारी सत्तरीच्या को आंटी राहतात. नवरा व्हीलचेअरवर. त्या खाली गवतावर ताट मांडत होत्या. पलीकडच्या झाडावरून दोन कावळे उतरले, टुणटुण उड्या मारत आले आणि एकानं पावाचा गोळा उचलला. को आंटी मान हलवून पुढची उदबत्ती लावायला लागल्या.

मी तिथेच उभा राहिलो. इथे कावळे असतील हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

हे लिहायचं नव्हतं, पण वही माझी आहे. गेल्या वर्षी आषाढात सरोजिनी गेली. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला. पिंपळावर वीसेक कावळे. एकही खाली येईना. मंदार इथून आलेला, तो हात जोडून म्हणाला, "आई, गार्गीला मराठी शिकवीन." कावळे ढिम्म. मी म्हणालो, "तुझ्या पाटल्या शिवांगीला देईन. तुझ्या बहिणीशी अबोला सोडीन. तंबाखू सोडीन." एक कावळा खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि परत उडाला. दीड तास झाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घाट चढून परतताना सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं: बाईचं मन कशात तरी अडकलं.

पाटल्या दिल्या. मेहुणीशी बोलतो. तंबाखू सोडली. पण दर्भाचा कावळा म्हणजे न तपासलेल्या मापावर शिक्का मारण्यासारखं. नोकरीत असं कधी केलं नाही, आणि बायकोच्या बाबतीत करावं लागलं.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला. यंदा १५ सप्टेंबरला. त्या दिवशी तिच्या पानाला खरा, पिसांचा कावळा शिवला पाहिजे. मग मी सुटलो आणि तीही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती दीड दिवसाचा. गार्गीनं मातीचा केला, सोंड डावीकडे वळता वळता गळ्यात गेली. विसर्जन उद्या बादलीत. बादली नवी आणली आहे, एवढंच.

३ सप्टेंबर, बुधवार

चाचणी घेतली. परीक्षेआधी सराव नको का? सकाळी शिवांगी मीटिंगमध्ये असताना कॉरिडॉरच्या कठड्यावर मूठभर भात ठेवला आणि दाराआडून पाहत बसलो. आधी साळुंक्या आल्या. इथल्या साळुंक्या काळ्या, उद्धट, रेशनच्या रांगेतल्या दांडगटासारख्या. नऊ जणी. मी टाळी वाजवून हाकलल्या. पारवे आले. तेही हाकलले. अकराच्या सुमाराला कावळा आला, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बसून एका डोळ्यानं बघत राहिला आणि गेला.

उद्या तूप घालून ठेवीन.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तूप घातलं. आज दारात एक अधिकारी उभा. चकचकीत शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, आणि त्यात माझाच फोटो: कठड्याशी वाकलेला, हातात भाताची वाटी. कुणीतरी तक्रार केली आणि फोटोही काढला. तो फार नम्रपणे म्हणाला, "अंकल, फर्स्ट टाइम, वॉर्निंग ओन्ली." पक्ष्यांना घालणं गुन्हा आहे. मी म्हणालो, मीसुद्धा सरकारी निरीक्षक होतो. तो म्हणाला, "देन यू अंडरस्टँड, अंकल."

समजतं ना. तेच तर दुःख आहे. मीही असंच बोलायचो.

मंदार घरी आल्यावर भडका उडाला. तो म्हणाला, "बाबा, इथे कायम राहण्यासाठीचा आमचा पीआरचा अर्ज आत आहे. घर भाड्याचं आहे. इथे नियम म्हणजे नियम."

"खालची माणसं महिनाभर रस्त्यावर ताटं मांडतात, ती श्रद्धा. मी कठड्यावर मूठभर भात ठेवला तो गुन्हा?"

"ती संध्याकाळी सगळं साफ करतात."

"कावळ्यानं खाल्लं की साफ करायला काही उरत नाही."

"साळुंक्यांनी खालच्या मजल्यावरच्या तान आंटींच्या वाळत घातलेल्या चादरीवर काय केलंय ते बघा जाऊन."

"तुझ्या आईचा कावळा तुझ्या नियमात बसत नाही, हे सरळ सांग की."

तो उठून आत गेला. जेवलाही नाही. यार्डात शंभर माणसांवर ओरडणारा पोरगा बापापुढे असा गप्प होतो, ते मला आवडत नाही. आईच्या वळणावर गेलाय.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. सांगलीच्या गुरुजींशी मंदारनं व्हिडिओवर बोलणं करून दिलं. गुरुजींच्या मागे नवीन फ्रिज दिसत होता. म्हणाले, "परदेशात कावळ्याचा आग्रह धरू नका, हेमचंद्रराव. गाईला चालतं, पाण्यात सोडलं तरी चालतं." इथे गाय कुठली आणणार? समुद्रात खीर सोडली तर पुन्हा तो नम्र मुलगा येईल. गुरुजी म्हणाले, "नाहीतर दर्भाचा करा."

मी कॅमेऱ्यासमोरून उठलो. ज्या माणसानं एकदा खोटं माप चालवलं तो दुसऱ्यांदाही चालवतो, हा माझा अनुभव आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

को आंटी कॉरिडॉरमध्ये कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला पाहून हातातला पाइप खाली केला. म्हणाल्या, "यू सरो हजबंड, आह?"

परदेशातली एक परकी बाई माझ्या बायकोला सरो म्हणते. मला वाटलं, चुकून ऐकलं. तर नाही. गार्गी व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन घेऊन शेजारी जायची. आजी तिकडून चकली दाखवायची, या इकडून तांदळाच्या पिठाची कसलीशी लाल मिठाई दाखवायच्या. धड इंग्रजी दोघींनाही येत नाही, म्हणून जमलं असणार. चार वर्षं चाललं होतं म्हणे. मी घरात असायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात फोन घेऊन कुणाशी एवढी हसते, मला कळायचं नाही. बहिणीशी बोलत असेल, असं वाटायचं.

"सरो से नेक्स्ट इयर कम," को आंटी म्हणाल्या. "एव्हरी इयर, नेक्स्ट इयर. आय से व्हाय नॉट धिस इयर? शी से हजबंड बिग ऑफिसर, वेरी बिझी, कॅनॉट." मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाऊ नॉट बिझी."

मी निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली.

असं खोटं बोलायची तिला काय गरज होती? सरळ सांगायचं होतं की नवऱ्याला नको आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये विषय काढायची. भाजी निवडता निवडता, जणू सहज. "मंदार म्हणतोय, या." मी म्हणायचो, उकाडाच बघायचाय तर सांगलीत काय कमी आहे? एकदा म्हणालो, त्या देशात बघण्यासारखं आहे काय, दंडाच्या पाट्या? ती हसली होती. हसली म्हणजे विषय संपला, असा माझा समज.

आज जेवण गेलं नाही. इथलं पाणी जड आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

शिवांगीला विचारलं, सरोजिनीनं पासपोर्ट काढला होता का. ती लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाली, "हो. सहा वर्षांपूर्वी. तुम्ही तेव्हा पेन्शनरांच्या सहलीला पंढरपूर-तुळजापूरला गेला होतात ना, तेव्हा." मग मान वर केली. "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत असल्यासारखा चेहरा केला. तो मला करता येतो.

माझ्या कपाटात, माझ्याच घरात, सहा वर्षं पासपोर्ट होता. जप्तीच्या वेळी मी दुकानदाराच्या गादीखालची खोटी वजनं हुडकून काढायचो.

१४ सप्टेंबर, रविवार

उद्या नवमी. शिवांगीनं लिटल इंडियातून केळीची पानं, गवार, लाल भोपळा, आमसुलं आणली. उडीद भिजत घातले. वडे, खीर, कढी सगळं साग्रसंगीत होणार आहे. तिनं आठवडाभर कामाच्या जोडीला ही यादी केली. मी म्हणालो, भोपळा जून आहे. ती म्हणाली, "वहीत लिहा."

नवमीला सवाष्ण जेवायला लागते. सोमवार, सगळ्या मराठी बायका ऑफिसात. सेम्बावांगला शिवांगीची एक मैत्रीण सुलेखा राहते, तिलाही रजा मिळेना. गार्गी म्हणाली, "को आंटी कॅन. हर हजबंड अलाइव्ह, ला." मी म्हणालो, शक्य नाही. त्या डुक्कर खातात. गार्गी म्हणाली, "नॉट टुमॉरो. आय आस्क्ड ऑलरेडी." मिस्टर को व्हीलचेअरमध्ये का होईना, आहेत. म्हणजे बाई सवाष्ण आहे, हे शास्त्रालाही नाकारता येत नाही. आलिया भोगासी असावे सादर.

मग मंदार येऊन माझ्या पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, "उद्या मी रजा टाकलीय. को आंटी खाली ताट मांडणार आहेत. त्याच्या शेजारी आपलं पान ठेवू. मी तिथे उभा राहतो."

"आणि तो अधिकारी आला तर?"

"आला तर माझं नाव सांगेन."

"तुझा अर्ज?"

"बघू," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता माझ्या पांघरुणाची घडी करत होता.

याच्या अंगात एवढं बळ कुठून आलं ते कळत नाही. मी तर असा सल्ला दिला नसता. पण नको असंही म्हणालो नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

क्रमानं लिहितो.

साडेअकराला पान वाढलं. वरणभात, वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा. भोपळा जून नव्हता. लिफ्टमधून पान आडवं धरून नेताना शेजारच्या बाईनं विचारलं, "पार्टी, आह?" मंदार म्हणाला, "फॉर माय मदर."

खाली को आंटी लाल पाटावर ताट मांडून तयार होत्या. आज नवा फुलाफुलांचा झगा घातला होता. आम्हाला बघून त्यांनी आपले संत्र्यांचे ढीग आणि पाव एका बाजूला सरकवले आणि गवतावर हातानं थोपटलं. "सरो, हिअर." पान ठेवलं. त्यांनी आपल्या तीन उदबत्त्या आमच्या पानापुढे खोचल्या. मी नको म्हणणार होतो. तोवर त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या होत्या.

कावळे होते. पलीकडच्या त्याच झाडावर चार. एकही हलेना.

वीस मिनिटं झाली. ऊन डोक्यावर. मंदार हात जोडून सुरू झाला, "आई, गार्गी देवनागरी वाचते आता. तू तिला लिहिलेलं जुनं पत्र तिनं स्वतः वाचलं. मी शिकवतोच आहे..." त्याचा आवाज घाटावरच्यासारखा झाला. शिवांगी डोळे पुसायला लागली. गार्गी झाडाकडे बोट दाखवून "कम, ला, कम," म्हणत होती. आणि मला स्वच्छ दिसलं की आता तो पुन्हा एकामागून एक वचनं देत जाणार, दीड तास, आणि मी शेजारी उभा राहून ऐकणार.

मी म्हणालो, "मंदार, थांब. तुझं नाही ते."

मग बोललो. मोठ्यानं बोललो, कारण हळू बोललो असतो तर बोलणं झालंच नसतं. म्हणालो, "सरोजिनी, घाटावर मला माहीत होतं. पहिल्या पाच मिनिटांत माहीत होतं. तुला इथं यायचं होतं. मी बाकी सगळं कबूल केलं आणि तेवढं सोडून बोललो, कारण चारचौघांसमोर मला ते म्हणायचं नव्हतं. मी बिझी नव्हतो. मला भीती होती. तू इथे आलीस, पोरीत रमलीस, आणि म्हणालीस की मी राहते, तर मी सांगलीत एकटा काय करणार होतो? तुला एकटीला पाठवता आलं असतं. तेही मी केलं नाही. उकाड्याची थट्टा केली. इथं बघण्यासारखं काय आहे म्हणालो. बघण्यासारखं आहे. तुझे पडदे आहेत. ही बाई आहे. मी तुझं नुकसान केलं."

एवढं बोलून मला खाली बसावं लागलं, दगडी बाकावर. मंदार माझ्या खांद्याला धरून होता. शिवांगीनं पाणी आणलं. काही वेळ सगळे माझ्याभोवतीच होते. पानाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग को आंटी म्हणाल्या, "ईट ऑलरेडी."

पानावरचा एक वडा नव्हता. खिरीची वाटी कलंडली होती, गवतावर शेवया. मी विचारलं, "क्रो?" को आंटींनी हात उडवला. "बर्ड, ला." गार्गी म्हणाली, "मैना, आजोबा. ब्लॅक वन." शिवांगी छातीठोकपणे म्हणाली, "कावळाच होता, बाबा. मी पाहिला." ती मला पाणी पाजत होती, तिनं काय पाहिलं असेल ते मला माहीत आहे. मंदार माझा खांदा धरूनच होता. मी झाडाकडे पाहिलं. तीन कावळे होते, की चारच, मोजायला गेलो आणि थांबलो.

तीन साक्षीदार, तीन जबान्या. माझ्या आयुष्यात अशी केस मी उभी केली नसती. पण आज कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

अधिकारी आला नाही. शिवांगी आणि को आंटींनी मिळून पान उचललं, गवतावरच्या शेवया वेचल्या. को आंटी वर जेवायला आल्या, आमसुलाच्या चटणीला तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्यांदा मागितली. शिवांगीनं त्यांची खणानारळानं ओटी भरली. मिस्टर कोंसाठी डबा दिला.

हे मधलं राहिलं. पान उचलल्यावर बायका पुढे गेल्या, लिफ्टमध्ये मी आणि मंदार दोघंच होतो. सूचनांकडे बघत उभे होतो. तिसऱ्या मजल्यावर तो म्हणाला, "बाबा, घाटावर मी पिंडाकडे बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो. वाटत होतं, आता बोलाल, आता बोलाल."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग तू का नाही म्हणालास? दीड तास उभा होतास."

"मी तिला दरवर्षी 'ये' म्हणतच होतो, बाबा," तो म्हणाला. "'जा' असं तुम्ही म्हणायला हवं होतं."

सातवा मजला आला. मला बाहेर पडायला थोडा वेळ लागला. तोवर तो दाराचं बटण दाबून उभा राहिला.